आसनाचे कापड आणि विमानाची सुरक्षितता

लहान विमानातील आसनांचे कापड बदलणे हे वरवर पाहता शिंप्याचे काम वाटते. अमेरिकेतील नियम खासगी विमानाच्या वैमानिक-मालकाला ते स्वतः करण्याची मुभाही देतात. मात्र त्यासाठी विमानाचा मूळ सांगाडा वा चालनयंत्रणा उकलावी लागता कामा नये, आणि नोंदवहीत सही-तारखेनिशी कामाची नोंद व्हावी लागते. एवढी दक्षता कशासाठी? १९७३ साली पॅरिसच्या ऑर्ली विमानतळाजवळ आग लागलेले एक मोठे प्रवासी विमान वैमानिकांनी शेतात उतरवले. तरीही १२३ जण दगावले, बहुतेक धुराने गुदमरून. लहान विमानात तर धुरापासून दूर सरकायलाही जागा नसते. म्हणून कापडाचा रंग निवडण्यापूर्वी त्याच्या ज्वलनचाचणीचा दाखला मागावा आणि तो नोंदवहीसोबत जपून ठेवावा.