मिन्स्कचे ‘झ्व्याझ्दा’

आज एका सरकारी दैनिकाची हकिगत सांगायची आहे.

बेलारूसची राजधानी मिन्स्क. १९१७ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या बोल्शेविकांनी ‘झ्व्याझ्दा’, म्हणजे ‘तारा’, नावाचे पत्र काढले. संपादक म्यास्निकोव्ह मूळचे आर्मेनियन, आणि पत्राची भाषा रशियन. १९२० नंतर सोव्हिएत सरकारनेच बेलारूसी भाषेला शाळा-कचेऱ्यांत मानाने आणले आणि १९२७ पासून हे दैनिक पूर्णपणे बेलारूसीत निघू लागले. खेडवळांची बोली म्हणून जिला हिणवले जाई, तिच्यात आता रोज सकाळी जगाच्या बातम्या येऊ लागल्या. ही गोष्ट लहान नव्हती.

हे दिवस फार टिकले नाहीत. थोड्याच वर्षांत बेलारूसी लेखकांवर ‘राष्ट्रवादी’ असल्याचे आरोप सुरू झाले. यांका कुपाला हा तर त्या भाषेचा सर्वांत मोठा कवी. गुप्त पोलिसांच्या चौकश्यांना विटून १९३० च्या नोव्हेंबरमध्ये त्याने स्वतःचा जीव घेण्याचा प्रयत्न केला. तो वाचला, आणि डिसेंबरमध्ये त्याच्या नावाचे माफीपत्र छापून आले ते याच ‘झ्व्याझ्दा’त. भाषेला जागा देणाऱ्या पत्राने त्याच भाषेच्या कवीला मान खाली घालायला लावली, हे मला विसरता येत नाही.

आणि तरीही याच पत्राचे एक पान असे आहे की त्यापुढे नतमस्तक व्हावे. १९४१ च्या जूनअखेर मिन्स्क जर्मनांच्या ताब्यात गेले. शहरातला मोठा छापखानाही त्यांच्याच हाती. तिथल्या कामगारांनी शिशाचे खिळे लपवून बाहेर काढले. कुणाच्या तरी घरात, दारे लावून, एकेक खिळा जुळवत लहानसा अंक तयार झाला. १९४२ च्या मे महिन्यात भूमिगत ‘झ्व्याझ्दा’ निघाले. संपादक व्लादिमीर अमेल्यान्यूक. त्याच महिन्याच्या २६ तारखेला तो मारला गेला. पुढे जंगलातल्या पार्टिझनांच्या, म्हणजे गनिमी लढवय्यांच्या, तळांवर अंक छापले गेले. खिशात असा अंक सापडला तर मरण ठरलेले, तरी लोक तो हातोहात पुढे देत.

सोव्हिएत संघ १९९१ मध्ये फुटला. १९९५ च्या सार्वमताने रशियनला बेलारूसीच्या बरोबरीचा दर्जा मिळाला, आणि सरकारी व्यवहार पुन्हा रशियनकडे वळला. २०१९ च्या जनगणनेत निम्म्याहून अधिक लोकांनी बेलारूसी ही मातृभाषा सांगितली. घरात ती बोलणारे मात्र सुमारे चौथा हिस्सा. ‘झ्व्याझ्दा’ सरकारी मालकीचे आहे आणि सरकारला अडचणीचे काही त्यात येत नाही. १९०६ मध्ये सुरू झालेल्या, स्वतंत्र बाण्याच्या ‘नाशा निवा’ या बेलारूसी पत्राचे संकेतस्थळ २०२१ च्या जुलैमध्ये बंद केले गेले आणि तिथल्या पत्रकारांना अटक झाली. बेलारूसी वाचकाला आपल्या भाषेतली बातमी उघडपणे वाचायची तर ती सरकारच्याच पत्रात वाचावी लागते, आणि हा त्या वाचकावरचा अन्याय आहे.