आजारी तान्हे मूल आणि आईचे दूध : डॉक्टरांचा सल्ला कसा असावा?

तान्हे मूल आजारी पडले की घरातील वडीलधाऱ्या मंडळींचे लक्ष प्रथम आईच्या ताटाकडे जाते आणि मग तिच्या दुधाकडे. वांगे खाल्लेस का, ताक प्यालीस का, डोक्यावरून गार पाणी घेतलेस का, अशी चौकशी होते. आणि बहुधा अंगावरचे दूध बाधले, असा निकाल दिला जातो. ओलीबाळंतीण बिचारी निमूटपणे तो ऐकून घेते. अशा मनःस्थितीत ती मुलाला घेऊन दवाखान्यात येते, त्या वेळी डॉक्टरांच्या तोंडून निघणाऱ्या एका वाक्याला फार मोल असते. "दोन दिवस अंगावरचे बंद ठेवा," हे ते वाक्य असेल, तर घरच्या निकालावर शास्त्राचा शिक्का बसतो. "पाजणे चालूच ठेवा, उलट जास्त वेळा पाजा," असे ते असेल, तर तो निकाल तेथेच रद्द होतो.

हे दोन दिवस दिसायला किरकोळ वाटतात. परंतु स्तनातील दूध हे रांजणात भरून ठेवलेल्या पाण्यासारखे नसते. मूल जितके ओढते तितके ते तयार होते, आणि ओढणे थांबले की शरीर ते तयार करणे कमी करते. पहिल्या दिवशी दूध दाटते, स्तन दुखू लागतात, कधी गाठी होतात. पुढे पान्हा ओसरू लागतो. इकडे मुलाला बाटलीची सवय लागते. बाटलीच्या बुचातून दूध आपोआप ठिबकते, स्तनातून ते जोर लावून ओढावे लागते. त्यामुळे दोन दिवसांनी आईने मुलाला पदराखाली घेतले, तर ते तोंड फिरवते. आईला वाटते, दूध आटले. दोन दिवसांचा सल्ला अशा रीतीने कायमचा होऊन बसतो, आणि सल्ला देणाऱ्या डॉक्टरांना त्याचा पत्ताही लागत नाही. कारण ती बाई पुढच्या खेपेला येते ती दुधाची बाटली हातात घेऊनच.

या सल्ल्याला एक फसवा पुरावाही मिळत जातो. मुलांचे साधे जुलाब बहुधा आठवडाभरात आपले आपण थांबतात. दूध बंद केल्यानंतर ते थांबले, म्हणजे दूध बंद केल्यामुळेच थांबले, असे आईला वाटते, सासूला वाटते, आणि डॉक्टरांनाही वाटू लागते. चुकीचा उपचार वर्षानुवर्षे टिकून राहतो तो असा.

मुळात हा सल्ला आला कोठून? आपल्याकडे लंघनाची परंपरा जुनी आहे. पण दोष सारा तिच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पाश्चात्त्य बालरोगशास्त्रातही जुलाब झालेल्या मुलाला उपाशी ठेवून आतड्याला विश्रांती देण्याची पद्धत रूढ होती. तेथे जुलाबाने आजारी पडणाऱ्या मुलांत गाईच्या दुधावर वाढणारी मुले मोठ्या संख्येने असत. वरच्या दुधाच्या बाबतीत घातलेला नियम पुढे आईच्या दुधालाही सरसकट लागू झाला, आणि पाठ्यपुस्तकांतून तो दूरदूरच्या देशांतील डॉक्टरांपर्यंत पोहोचला.

या समजुतीला धक्का बसला तो दोन बाजूंनी. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत कॉलऱ्याची साथ उसळली. शिरेतून द्यावयाचे सलाईन अपुरे पडू लागले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर, मीठ आणि खाण्याचा सोडा यांचे पाणी तोंडाने देण्याचा मार्ग पत्करला, आणि त्या रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आले. जुलाब चालू असतानाही आतडे पाणी, मीठ व साखर शोषून घेऊ शकते, हे तेथे हजारो रुग्णांच्या बाबतीत दिसून आले. दुसरा पुरावा थेट स्तनपानाविषयीचा आहे. ब्रह्मदेशात रंगून येथे दोन वर्षांखालील मुलांचे दोन गट करण्यात आले. एका गटाला जलसंजीवनीबरोबर आईचे दूध चालू ठेवले, दुसऱ्याचे काही काळ थांबवले. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत असे आढळले की, दूध चालू असलेल्या मुलांना सरासरीने पाच जुलाब कमी झाले आणि जलसंजीवनीही कमी लागली. ज्या दुधाने जुलाब वाढतात असे सांगितले जात होते, त्याने ते कमी झाले.

याची कारणे आता पुष्कळशी उलगडली आहेत. आईच्या दुधात रोगजंतूंना आतड्याच्या अस्तराला चिकटू न देणारी प्रतिद्रव्ये असतात. आई आणि मूल एकाच घरात, एकाच हवापाण्यात राहतात. मुलाला बाधलेला जंतू आईच्याही शरीरात गेलेला असतो आणि त्याच्याविरुद्धची प्रतिद्रव्ये तिच्या दुधात उतरू लागतात. हे औषध कोणत्याही दुकानात मिळत नाही, आणि ते नेमक्या गरजेच्या वेळी बंद करायला सांगणे हा विचित्र प्रकार आहे.

तेव्हा जुलाबाच्या मुलासाठी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर पहिली ओळ स्तनपानाची असावी, दुसरी जलसंजीवनीची आणि तिसरी चौदा दिवसांच्या जस्ताच्या गोळीची. डोळे खोल गेले असतील, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर हळूहळू पूर्ववत होत असेल, शौचात रक्त असेल किंवा मूल मलूल होऊन दूध ओढेनासे झाले असेल, तर विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

कित्येकदा तर आजार नसताच. केवळ अंगावर पिणारे मूल पहिल्या काही आठवड्यांत दिवसातून अनेकदा पिवळी, पातळ, रवाळ शी करते. काही मुले प्रत्येक पाजण्याबरोबर करतात. मूल हसते-खेळते आहे, वजन वाढते आहे, लघवी दिवसातून सहा वेळा वा अधिक होते आहे, तर याला जुलाब म्हणू नये. पण शौचाची तपासणी होते, तीत थोडी साखर आढळते, आणि 'दुधातील साखर पचत नाही' असे निदान करून विशेष प्रकारच्या भुकटीचा डबा लिहून दिला जातो. स्तनपान घेणाऱ्या निरोगी मुलाच्या शौचातही अशी साखर सापडते, हे येथे विसरले जाते. तपासणी कागदाची नव्हे, मुलाची करावयाची असते.

काविळीची कथा थोडी निराळी आहे. नवजात बालकाला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पिवळेपणा येणे सामान्य आहे. त्या वेळी "आईच्या दुधानेच कावीळ झाली" असे सांगून ते बंद केले जाते. वस्तुस्थिती बहुधा उलट असते. पिवळे रंगद्रव्य शौचावाटे बाहेर पडते. मूल कमी प्याले की शौच कमी होते आणि कावीळ चढते. म्हणून पहिल्या आठवड्यात चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजणे आणि मुलाने स्तन नीट तोंडात धरला आहे का, हे पाहणे हाच पहिला उपाय. निळ्या प्रकाशाखाली ठेवलेल्या मुलालाही बाहेर काढून पाजता येते. काही निरोगी मुलांत आईच्या दुधाशी संबंधित सौम्य कावीळ काही आठवडे रेंगाळते. तिच्यासाठीही दूध तोडण्याची गरज सहसा नसते. मात्र पहिल्या चोवीस तासांत आलेली कावीळ, तळहात-तळपायांपर्यंत उतरलेली कावीळ, आणि पांढुरकी शी व गडद लघवी यांसह राहिलेली कावीळ यांकडे दुर्लक्ष करणे धोक्याचे ठरते. मुलाला कोवळ्या उन्हात ठेवून वाट पाहत बसणे हा त्यांवरचा उपाय नव्हे.

सर्दीने नाक चोंदलेले मूल स्तन धरते आणि लगेच सोडते. ते दूध नाकारत नाही, त्याला श्वास घेता येत नाही. पाजण्यापूर्वी नाकात मिठाच्या पाण्याचे, म्हणजे सलाईनचे, दोन थेंब टाकले तरी पुष्कळदा काम भागते. न्यूमोनियात धाप लागलेले मूल ओढू शकत नसेल, तर दूध पिळून वाटी-चमच्याने द्यावे. महाराष्ट्रातील घराघरांत पूर्वी असलेले बोंडलेही उकळून घेतल्यास चालते. तेही जमत नसेल, तर रुग्णालयात नाकातून घातलेल्या नळीने हेच दूध देता येते. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्रीपासून मुलाला उपाशी ठेवण्याचेही कारण नाही. भूल देण्यापूर्वी चार तासांपर्यंत आईचे दूध चालते, असे भूलतज्ज्ञांचे सर्वमान्य संकेत आहेत.

या सर्व गोष्टींना एक अट आहे. आई मुलाजवळ हवी. मूल अतिदक्षता विभागात आणि आई बाहेरच्या बाकावर, अशी व्यवस्था असेल तर उत्तम सल्लाही कागदावर राहतो. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. आजारी व कमी दिवसांच्या मुलांना, आईचे दूध उपलब्ध नसेल तेव्हा, दुसऱ्या मातांनी दान केलेले निर्जंतुक दूध मिळू लागले. त्यापुढचे पाऊल २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने दाखवले. भारतासह पाच देशांत कमी वजनाच्या नवजात मुलांना जन्मानंतर लगेच आईच्या उघड्या छातीशी ठेवले, तिची खाट अतिदक्षता विभागातच लावली. तेव्हा मृत्यूचे प्रमाण एकचतुर्थांशाने घटले. नव्या यंत्राची खरेदी करताना आईच्या खाटेचाही विचार करणे रुग्णालयांना अवघड जाऊ नये.

डॉक्टर असा सल्ला का देतात, याचा विचार त्यांच्या बाजूनेही करावयास हवा. बाहेर चाळीस रुग्ण ताटकळत असतात. नातेवाइकांना काहीतरी केलेले दिसावे लागते. "काही बदलू नका" हा सल्ला त्यांना फुकट गेल्यासारखा वाटतो. दूध बंद करायला सांगण्यास दहा सेकंद लागतात. आईला शेजारी बसवून मूल कसे धरावे, दूध कसे पिळावे हे दाखवण्यास वीस मिनिटे. हे काम प्रशिक्षित परिचारिका किंवा आशाताई उत्तम रीतीने करू शकतात, मात्र डॉक्टरांनी तसे चिठ्ठीवर लिहून त्यांच्याकडे पाठवले पाहिजे. नुसते मौनही घातक असते. चिठ्ठीवर दुधाविषयी अवाक्षर नसेल, तर ती रिकामी जागा घरची माणसे आपल्या समजुतीने भरतात.

डब्यांच्या बाजारपेठेचा प्रभावही नाकारता येत नाही. १९९२ चा केंद्रीय कायदा आणि त्यातील २००३ ची दुरुस्ती यांनी दोन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी असलेल्या पर्यायी दुधाची व शिशुआहाराची जाहिरात, मोफत नमुने आणि आरोग्य कर्मचाऱ्यांना भेटी देणे यांवर बंदी घातली. उत्पादकांच्या पैशाने परिसंवाद भरवण्यासही मनाई केली. कायदा पुरेसा स्पष्ट आहे. तपासणीच्या टेबलावर एखाद्या कंपनीचे नाव छापलेले कॅलेंडर असू नये, इतके तरी प्रत्येक दवाखान्याला पाळता येईल.

दूध खरोखरच थांबवावे लागते, असे प्रसंग मोजके आहेत. गॅलॅक्टोसेमिया या जन्मजात विकारात मुलाला आईचे दूध देता येत नाही. इतर काही दुर्मिळ चयापचय-विकारांत ते मोजून किंवा विशेष आहाराच्या जोडीने द्यावे लागते. आईला कर्करोगाची रासायनिक औषधे वा किरणोत्सर्गी आयोडीन चालू असेल, तरीही थांबावे लागते. क्षयरोगाच्या आईने उपचार घेत पाजावे व मुलालाही प्रतिबंधक औषध द्यावे. एचआयव्हीबाधित आईच्या बाबतीत औषधोपचार नियमित असल्याची खात्री करून तज्ज्ञांनी निर्णय सांगावा. ताप, सर्दी, साधी प्रतिजैविके ही कारणे या यादीत बसत नाहीत.

ज्या आईचे दूध अशा सल्ल्याने आधीच बंद पडले आहे, तिला "आता उशीर झाला" असे सांगून परत पाठवू नये. पान्हा पुन्हा आणता येतो. दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, मुलाला स्तनाशी लावावे. ते ओढताना एका बारीक नळीचे टोक स्तनाग्राशी व दुसरे दुधाच्या वाटीत ठेवले, तर त्याला लगेच दूध मिळते आणि त्याच्या ओढण्याने आईचेही वाढू लागते. बाटली मात्र पूर्णपणे दूर ठेवावी लागते. बहुतेक वेळा एक-दोन आठवड्यांत फरक दिसू लागतो. या काळात मुलाचे वजन आठवड्यातून दोनदा करावे, लघवी किती वेळा होते याची नोंद ठेवावी, आणि आईचे दूध वाढेल तसतसे वाटीतील दूध थोडेथोडे कमी करत न्यावे.