पायाखालीं कोण आहे?

(गांवच्या सभेंत केलेलें भाषण)



करमणूक आणि नीति यांवर चार शब्द बोला, अशी आपली आज्ञा झाली. मास्तराला बोलायला उभें केलें म्हणजे तो दारू पिऊं नका, पत्ते खेळूं नका, मोबाईल पाहूं नका, अशी 'नका'ची माळ ओढणार, असें पुष्कळांनीं मनांत धरलें असेल. ती माळ आम्ही आणलेली नाहीं. ती तुम्हां सर्वांना पाठ आहे. आणि पाठ असून उपयोग झाला असता, तर ही सभा भरवावी लागली नसती.

गांवांत रोज काय ऐकूं येतें? म्हातारे म्हणतात, पोरें मोबाईलनें बिघडलीं. पोरें म्हणतात, म्हातारे पारावर बसून जगाचीं उणीं काढतात. बाप्ये म्हणतात, बायकांना मालिकांचें वेड लागलें. बायका कांहीं म्हणत नाहींत, कारण त्यांना म्हणायला सवड नाहीं. असा जो तो दुसऱ्याच्या करमणुकीला तराजूंत घालतो. पण हाच माणूस रात्रीं अंथरुणावर पडला कीं त्याच्या मनांत येतें, "आपण तरी नीट वागतों काय? आजचा दिवस कशांत गेला?" हा प्रश्न पारावर कोणी बोलून दाखवीत नाहीं. तोच आज आपण उघड्यावर मांडूं.

त्यासाठीं माप हवें. तें आणायला पुण्यामुंबईस जायला नको. आपल्याच धाराशिव जिल्ह्यांत, तेरणेच्या कांठीं, तेर गांव आहे. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं लिहिलेल्या एका ग्रीक दर्यावर्दी पुस्तकांत तगर या नांवानें त्याचा उल्लेख आहे; तेथलें कापड गाड्यांत भरून भडोचच्या बंदराला जाई, असें त्यांत लिहिलें आहे. म्हणजे तें कारागिरांच्या हातावर मोठें झालेलें गांव. तेथलेच आपले गोरोबाकाका कुंभार. परंपरेप्रमाणें त्यांची समाधि शके १२३९ ची, म्हणजे इ. स. १३१७ ची. चैत्र वद्य त्रयोदशीला तेथें आजहि दिंड्या जातात. तुमच्यांतले कितीतरी जण जाऊन आले असतील.

काकांच्या दोन गोष्टी घरोघर सांगतात. त्या दोन गोष्टींतच आमचें सगळें भाषण आहे.

पहिली गोष्ट चिखलाची. बायको पाणी आणायला गेली. लेंकरूं अंगणांत सोडलेलें. काका गाडग्यांची माती तुडवीत होते. मुखीं विठ्ठल, डोळे मिटलेले, देहाचें भान नाहीं. लेंकरूं रांगत चिखलांत आलें आणि पायाखालीं तुडवलें गेलें. बाई घागर घेऊन परतली, तेव्हां तिला तें दिसलें.

कीर्तनकार येथून भराभर पुढें जातात. पुढें काकांनीं आपले हात तोडले, देवानें ते परत दिले, लेंकरूं हंसत आलें, असें सांगून टाळ्या घेतात. आम्ही तुम्हांला म्हणतों, जरा येथेंच थांबा. त्या चिखलापाशीं उभे रहा. काका काय करीत होते? पत्ते खेळत होते काय? दारू प्याले होते काय? कोणाची निंदा करीत होते काय? नाहीं. ते काम करीत होते आणि देवाचें नांव घेत होते. यापेक्षां चांगलें काय असतें? तरीहि पायाखालीं लेंकरूं आलें, कारण डोळे मिटलेले होते.

तेव्हां नीतीचा प्रश्न "हें करणें चांगलें कीं वाईट?" एवढाच नसतो. "मी यांत दंग आहें, तेव्हां माझ्या पायाखालीं कोण आहे?" हा खरा प्रश्न. भजनालासुद्धां जर हा प्रश्न लागतो, तर आपल्या करमणुकीला तो लागणार नाहीं काय?

आणि एक सांगून ठेवतों. गोष्टींतलें लेंकरूं परत आलें. आपल्या घरीं तसें होत नाहीं. सात वर्षांच्या पोरानें वही घेऊन बापापुढें उभें राहावें, बापानें मोबाईलवरून मान वर न करतां "मग दाखीव" म्हणावें, असें वर्षभर चाललें, तर तें पोर वही दाखवायचें सोडून देतें. सातवें वर्ष त्याला पुन्हां येत नाहीं. पंढरीचा राणा तें परत आणून देत नाहीं.

आतां कोणी म्हणेल, मास्तर, मग करमणूक करूंच नये काय? असें आम्ही कधींच म्हणणार नाहीं. तेरच्या संग्रहालयांत जाऊन पहा. तेथें जुन्या काळच्या भाजक्या मातीच्या सुबक मूर्ति मांडलेल्या आहेत. ज्या मातीचीं भांडीं झालीं, त्याच मातीला माणसानें नाक, डोळे, अलंकारहि दिले. नुसत्या भांड्यावर माणसाचें भागत नाहीं. जुन्या देवळांच्या ओट्यांवर वाघबकरीचे पट कोरलेले सांपडतात. दिवसभर सोयाबीन काढून कंबर मोडलेल्या माणसानें सांजेला लेझीम खेळावी, भारूड ऐकावें, फडावर जाऊन कुस्ती पहावी, मोबाईलवर एखादें गाणें ऐकून हंसावें, यांत पाप कसलें? विळ्यालासुद्धां धार लावायला थांबावें लागतें. श्रीमंतानें खेळलें तर तो छंद आणि कष्टकऱ्यानें खेळलें तर तें व्यसन, हा न्याय आम्हांला मान्य नाहीं.

पण विळ्याला धार लावतां लावतां सगळा विळाच झिजवला, तर कापणार कशानें? म्हणून तीन करमणुकींचा विचार करूं.

पहिली, पैशाचा खेळ. पूर्वीं पत्ते बाभळीआड चालत, आतां रमी खिशांत आली. जुगाराला बंदी घालणारा कायदा १८८७ सालचा आहे, आणि मोबाईलवरील पैशाच्या खेळांना बंदी करणारा कायदा संसदेनें ऑगस्ट २०२५ मध्यें केला. ठीक झालें. पण कायद्याला खिसा दिसतो, मन दिसत नाहीं. एक वाट बंद झाली कीं जुगारी दुसरी शोधतो. या खेळाची मेख अशी कीं, तो आरंभीं थोडें जिंकूं देतो. शंभराचे दीडशें झाले कीं माणसाला वाटतें, आपल्याला यांतलें कळतें. पुढें गेलेले पैसे परत आणण्यासाठीं तो खेळतो आणि म्हणून आणखी घालवतो. पायाखालीं कोण आहे? सोयाबीनची पट्टी आहे. बियाण्याचे पैसे आहेत. बायकोच्या गळ्यांतलें डोरलें आहे.

दुसरी करमणूक फुकटाची आहे आणि सर्वांत महाग आहे. ती म्हणजे दुसऱ्याच्या लेकीची चर्चा. कोणाची मुलगी एस. टी. च्या थांब्यावर वर्गांतल्या मुलाशीं दोन शब्द बोलली. हें एकानें पाहिलें, दुसऱ्यानें त्याला मीठ लावलें, तिसऱ्यानें मिरची लावली. तिन्हीसांजेपर्यंत ती गोष्ट बापाच्या कानावर गेली. पारावरच्या मंडळींची घटकाभर करमणूक झाली, ती उठून जेवायला गेली. त्या पोरीची मात्र दुसऱ्या दिवसापासून शाळा बंद, आणि वर्षाच्या आंत लग्न. आम्ही मास्तर लोक हजेरीपटावर असलीं नांवें पाहतों. सारें नीट चाललेलें असतें आणि मग एके दिवशीं त्या नांवापुढें गैरहजेरीची ओळ सुरू होते ती संपत नाहीं. पारावरच्या एकानेंहि तिच्यावर हात उगारलेला नसतो. सगळे सज्जन. सगळे माळकरी. पण चिखल तुडवतांना डोळे मिटलेले होते.

तिसरी, मोबाईलवरचीं चलचित्रें. त्यांत वाईट असेंच असतें असें नाहीं. शेतीची माहिती असते, कीर्तन असतें, विनोद असतो. त्यांतली फसवणूक एवढीच कीं त्याला शेवट नाहीं. तमाशाचा फड पहांटे उठतो, भारूड संपतें, कुस्तींत एक जण चीत होतो. येथें मात्र एक संपलें कीं दुसरें आपोआप पुढें येतें. ज्याला शेवट नाहीं, त्याला आपणच शेवट घालावा लागतो.

आणि बाप्यांनो, रागावूं नका, पण घरची बाई अर्धा घटका हंसत मोबाईल पाहत बसली कीं आपल्या कपाळाला आंठी कां पडते? तुम्हांला पार आहे, चावडी आहे, हॉटेलांतला चहा आहे. तिला काय आहे? चूल, शेण, पाणी आणि शेतांतली खुरपणी. गोष्टींतली माउलीसुद्धां पाण्यालाच गेली होती. घरांतील करमणुकीची वांटणी कशी आहे, याचा हिशेब एकदां मांडून पहा. जमिनीच्या वांटणीहून तो अवघड निघेल.

आतां दुसरी गोष्ट. संतमंडळी एकत्र जमलीं होतीं. मुक्ताबाईनें काकांना विचारलें, "काका, यांत पक्कें मडकें कोणतें, कच्चें कोणतें, तें सांगा." काकांनीं थापटणें उचललें आणि एकेकाच्या डोक्यावर मारीत गेले. इतर गप्प बसले. नामदेव मात्र रागावले. काकांनीं निवाडा दिला, हें मडकें कच्चें आहे.

कुंभाराला ठाऊक असतें. भाजलेलें मडकें बोट मारलें कीं खणखणतें, कच्चें बद्द वाजतें. हें ज्ञान पोथींतलें नव्हे, हातांतलें आहे. एवढ्या मोठ्या संतमंडळींत पारख करायला बोलावलें तें एका कुंभाराला, हें कारागिरांच्या घरीं विसरूं नये.

पण आम्हांला सांगायचें आहे तें नामदेवांविषयीं. चारचौघांत कच्चे ठरले; मनाला लागलें. मग त्यांनीं काय केलें? "मी वाईटच आहें" म्हणत कोपऱ्यांत बसले काय? नाहीं. ते औंढ्या नागनाथाला गेले, विसोबा खेचरांना गुरु केलें आणि शिकले. त्या कच्च्या मडक्याचीं ६१ पदें आज शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबांत आहेत. मराठी मुलखांतला शिंपी पंजाबांत पूज्य झाला.

म्हणून रात्रीं मनांत शंका येते, तिला भिऊं नये. ती काकांचें थापटणें आहे. कच्चें म्हणजे फुटकें नव्हे. फुटक्याचें खापर होतें. कच्च्याला फक्त आंच लागते. "मी वाईट आहें" असें म्हणणारा काम संपवून टाकतो. "मी अजून कच्चा आहें" असें म्हणणारा उद्यां काय करायचें तें ठरवतो.

मात्र कुंभार एकच मडकें दिवसभर ठोकीत बसत नाहीं. तसें केलें तर पक्केंहि फुटेल. कांहीं माणसें रोज स्वतःला दोष देतात, रोज रडतात आणि सकाळीं पुन्हां तेंच करतात. चाक फिरतें आहे, पण त्यावर माती नाहीं. असली हळहळ हीसुद्धां एक रिकामी करमणूकच आहे. आणि ज्याचें मन कर्जानें, नापिकीनें खरोखरच खचलें असेल, आपण कोणाच्या उपयोगाचे नाहीं असें वाटूं लागलें असेल, त्यानें एकट्यानें बसूं नये. घरीं सांगावें, डॉक्टरांकडे जावें, किंवा १४४१६ या सरकारी क्रमांकावर फुकट बोलावें. आजारी बैलाला आपण दाखवतों, मग माणसाला कां लाजावें?

शेवटीं तीन साध्या गोष्टी सांगतों. त्यांना पैसा लागत नाहीं.

एक : जेवतांना घरांतले सगळे मोबाईल फळीवर ठेवावे. वडिलांनीं आपला आधीं ठेवावा, मग पोरांना सांगावें.

दोन : जो माणूस समोर हजर नाहीं, त्याच्या लेकीसुनेविषयीं पारावर बोलणें निघालें कीं एकानें तरी उठून जावें. भांडूं नये, नुसतें उठावें. एक उठला कीं दुसऱ्याच्या तोंडांतला शब्द थांबतो.

तीन : दिवेलागणीला एकदांच, फक्त एकदां, स्वतःला विचारावें, "आज मी ज्यांत दंग होतों, तेव्हां माझ्या पायाखालीं कोण होतें?" उत्तर आलें तर उद्यां तेवढें एक सुधारावें. नाहीं आलें तर सुखानें झोपावें.

माती तुडवल्यावांचून मडकें होत नाहीं आणि गाणें म्हटल्यावांचून माती तुडवली जात नाहीं. तेव्हां काम करा, गाणींहि म्हणा. देवाचें म्हणा, नाहींतर लावणी म्हणा. आमची तक्रार नाहीं. फक्त डोळे उघडे ठेवून म्हणा, कारण अंगणांत लेंकरूं रांगतें आहे.