लहान जातीच्या पिल्लाला लस टोचल्यावर घ्यायची काळजी



राखणीचा गावठी कुत्रा आपल्या वस्तीवर पूर्वीपासून आहेच. आता पुष्कळ घरांत पामेरियनसारखी लहान जातीची पिल्लंही आली आहेत. मुलं त्यांना अंगाखांद्यावर खेळवतात. अशा पिल्लाला लस टोचून आणली, की कधी ते मलूल पडतं, कधी त्याचं तोंड सुजतं. मग घरातली मंडळी म्हणतात, "नको ती लस, पिल्लू हातचं जाईल." आज याच गोष्टीबद्दल बोलायचं आहे.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. लसीचा त्रास बहुधा दोन दिवसांत जातो. पण पिसाळीचा रोग, म्हणजे रेबीज, एकदा लक्षणं दिसू लागली की बरा होत नाही. तो कुत्र्याला मारतो आणि कुत्रा ज्याला चावेल त्यालाही मारू शकतो. पार्व्हो रोगात रक्ताची हगवण लागून लहान पिल्लं दोन-चार दिवसांतही दगावतात. लाळ्या-खुरकुताची लस टोचल्यावर गाय एक-दोन दिवस दूध कमी देते, म्हणून आपण लस बंद करतो का? तसंच हे.

लहान पिल्लांना त्रास जास्त का? लसीची मात्रा सर्व कुत्र्यांना सारखीच असते, मग कुत्रा दीड किलोचा असो की तीस किलोचा. अमेरिकेत बारा लाखांहून अधिक कुत्र्यांच्या नोंदी तपासून २००५ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लस दिल्यावर तीन दिवसांच्या आत दर दहा हजार कुत्र्यांमागे सुमारे ३८ कुत्र्यांना त्रास झाल्याची नोंद त्यात आहे. कुत्रा जितका लहान आणि एका वेळी दिलेल्या लसी जितक्या जास्त, तितका धोका वाढलेला दिसला. म्हणून कोणी म्हणेल, "अर्धीच लस टोचा." तसं मुळीच करू नये. अर्ध्या मात्रेने पुरेशी प्रतिकारशक्ती येईल याचा भरवसा नाही.

लस देण्यापूर्वी काय करावे?

पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचे झाले की पहिली लस देतात. पुढच्या मात्रा तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, पिल्लू चार महिन्यांचे होईपर्यंत द्याव्या लागतात. रेबीजची लस तीन महिने पूर्ण झाल्यावर देतात. त्याआधी जंताचे औषध पाजलेले असावे. पिल्लाला ताप, हगवण किंवा उलटी असेल तर तसे डॉक्टरांना सांगावे. ते बरे झाल्यावर लस देतील. लस बर्फावर, २ ते ८ अंश तापमानात ठेवलेली असावी. उन्हात पिशवीतून फिरलेली लस टोचून घेऊ नये.

आणि हो, लस सकाळीच टोचून घ्या. संध्याकाळी टोचली आणि रात्री त्रास झाला, तर दवाखाना बंद असतो, गाडी मिळत नाही. टोचल्यावर निदान अर्धा तास दवाखान्याच्या आवारातच थांबा. जिवावर बेतणारा त्रास बहुधा लवकरच दिसतो.

कोणता त्रास साधा, कोणता धोक्याचा?

१. साधा त्रास : पिल्लू एक-दोन दिवस झोपून राहते, अंग कोमट लागते, खाणे कमी होते, टोचल्या जागी दुखते. तिथे लहानशी गाठ आली तर ती दोन-तीन आठवड्यांत जिरते. गाठ चोळू नये, तिच्यावर बिब्बा किंवा चुना लावू नये. गाठ वाढत गेली किंवा महिन्यानंतरही राहिली, तर डॉक्टरांना दाखवावी.

२. लगेच दाखवायचा त्रास : तोंड, ओठ, डोळ्यांभोवती सूज, अंगावर पित्तासारख्या गांधी, सारखी खाज. पिल्लू खेळत असले तरी त्याला दवाखान्यात न्यावे, कारण सूज वाढू शकते.

३. जिवावरचा त्रास : वारंवार उलटी, हगवण, धाप लागणे, हिरड्या पांढऱ्या पडणे, पिल्लू लटपटून कोसळणे. इथे घटकाभरही दवडू नये. पिल्लाला कुशीवर ठेवून, कापडात गुंडाळून तडक न्यावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी किंवा दूध ओतू नये. ते श्वासनळीत जाते. डॉक्टर वेळेवर इंजेक्शन देऊ शकले तर पिल्लू वाचते.

घरी काय करावे?

पिल्लाला सावलीत, शांत जागी ठेवावे. मुलांना दोन दिवस दूर ठेवा बरं का! आंघोळ घालू नये. पाणी जवळ ठेवावे आणि मऊ अन्न थोडे-थोडे, चार वेळा द्यावे. अगदी लहान जातीचे पिल्लू बराच वेळ उपाशी राहिले, तर रक्तातली साखर उतरून ते गळून जाते. असे वाटले आणि पिल्लू शुद्धीवर असेल, तर गुळाचे पाणी बोटाने हिरड्यांना लावावे आणि डॉक्टरांकडे न्यावे. माणसाच्या तापाची किंवा अंगदुखीची गोळी मात्र देऊ नका. ती कुत्र्याला विषासारखी बाधू शकते.

पुढची लस टाळायची का?

आपण होऊन टाळायची नाही. लसीच्या कार्डावर तारीख, लसीचे नाव, किती वेळाने काय त्रास झाला, हे लिहून ठेवा आणि पुढच्या वेळी ते डॉक्टरांना दाखवा. ते आधी पित्तरोधक औषध देतील, दोन लसी वेगवेगळ्या दिवशी देतील, किंवा एखादी लस वगळायची की नाही ते ठरवतील. उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टोचा रोग भातखाचरांच्या भागात असतोच, तेव्हा हा निर्णय त्यांच्यावरच सोपवा.

शंका असल्यास जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. फिरत्या पशुचिकित्सा पथकासाठी १९६२ हा फोन क्रमांक आहे. पण पिल्लू कोसळले असेल, तर वाट पाहत बसू नका, जवळ असेल तो दवाखाना गाठा.

तेव्हा मंडळी, सकाळची वेळ, अर्धा तास थांबणे आणि कार्डावरची नोंद, एवढं सांभाळा. पिल्लूही सुरक्षित राहील आणि त्याच्याशी खेळणारी तुमची मुलंही.