एकच आंकडा, दोन अर्थ

संगणकाचा प्रोग्रॅम प्रथम मनुष्यास वाचतां येईल अशा भाषेंत लिहिला जातो. मग कंपायलर नांवाचें साधन त्याचें यंत्राला समजणाऱ्या आंकड्यांत रूपांतर करतें. असा तयार प्रोग्रॅम त्याच जातीचा प्रोसेसर असलेल्या कोणत्याहि संगणकावर चालेल, अशी पुष्कळांची समजूत असते. ती खरी नाहीं. आणि ती कां खरी नाहीं, हें जाणणें प्रत्येक संस्थेच्या हिताचें आहे.

बेरीज-वजाबाकी प्रोग्रॅम स्वतःच करतो. परंतु पडद्यावर अक्षर उमटविणें किंवा फाइल उघडणें त्याच्या अधिकाराबाहेरचें असतें. त्यासाठीं त्याला ऑपरेटिंग सिस्टीमच्या कचेरींत अर्ज करावा लागतो. कचेरींत प्रत्येक कामाची खिडकी ठरलेली असते, तसा येथेंहि प्रत्येक कामाचा क्रमांक ठरलेला असतो. मात्र प्रत्येक कचेरीचे क्रमांक निराळे!

लिनक्स आणि फ्रीबीएसडी यांचेंच उदाहरण घ्या. दोन्ही एकाच ६४ बिटी प्रोसेसरवर चालतात. दोन्हींच्या प्रोग्रॅम-फाइलींचा सांचाहि एकच, ईएलएफ. तरी या प्रोसेसरवर लिनक्समध्यें क्रमांक १ म्हणजे ‘लिही’, आणि फ्रीबीएसडीमध्यें क्रमांक १ म्हणजे ‘काम संपव’! तेथें लिहिण्याचा क्रमांक ४ आहे. विंडोजचा तर फाइलीचा सांचाच वेगळा.

यावर उपाय दोन. पहिला दुभाष्याचा. १९९३ सालीं आरंभ झालेला ‘वाइन’ हा विंडोजच्या प्रोग्रॅमचे अर्ज लिनक्सला समजतील अशा रूपांत पोहोंचवितो. फ्रीबीएसडीहि लिनक्सच्या प्रोग्रॅमांसाठीं क्रमांकांचा निराळा तक्ता बाळगते. परंतु दुभाष्या कितीहि हुशार असला, तरी त्याला नवे शब्द सतत शिकावे लागतात.

दुसरा उपाय अधिक टिकाऊ. १९८८ सालच्या पॉसिक्स या प्रमाणानें कामांचीं नांवें व त्यांची रीत ठरवून दिली. क्रमांक ज्याचे त्याच्याकडे राहूं दिले. म्हणून त्या रीतीनें लिहिलेलें मूळ लेखन दुसऱ्या प्रणालीवर नेऊन पुन्हा कंपाइल केलें, कीं बहुधा थोड्याशा डागडुजीनें चालूं लागतें. १९७३ सालीं युनिक्सचा गाभा सी भाषेंत पुन्हा लिहिला गेला, त्यानंतर तो यंत्रांमागून यंत्रांवर नेतां आला, तोहि याच मार्गानें.

येथेंच व्यवहाराचा प्रश्न येतो. जुन्या विंडोजसाठीं केलेले १६ बिटी प्रोग्रॅम ६४ बिटी विंडोजवर आपण होऊन चालत नाहींत. एखाद्या पतपेढीचे वा ग्रंथालयाचे हिशेब अशा प्रोग्रॅममध्यें अडकले असले आणि मूळ लेखन हातीं नसलें, तर संस्थेची स्थिति पेटी आहे पण किल्ली हरवली, अशी होते.

म्हणून प्रोग्रॅम करवून घेणाऱ्यानें करारांतच दोन गोष्टी लिहून घ्याव्या: मूळ लेखन आपल्या स्वाधीन असावें, आणि माहिती कोणासहि वाचतां येईल अशा उघड सांच्यांत साठविलेली असावी. तयार प्रोग्रॅम एका कचेरीपुरता असतो. मूळ लेखन हातीं असलें, तर नव्या कचेरीची वाट मोकळी राहते.