घोटभर साधं पाणी



आखाजीला आपण पितरांच्या नावानं घागर भरतो. मला आज बोलायचंय ते जिवंतपणीच ज्यांच्या वाट्याचं पाणी तुटतं, त्या माणसांविषयी.

माझे वडील लकव्यातून उठले, पण पाण्याचा घोट घेतला की ठसका लागायचा. दवाखान्यातून सोडताना कागदावर एक ओळ लिहिली होती : पाणी घट्ट करून द्या. किती घट्ट, किती दिवस, पुन्हा कधी दाखवायचं, काही नाही. आई तांब्याभर पाण्यात पावडर ढवळायची, पाच मिनिटांत त्याची खळ व्हायची. चमचा ओठांपाशी आला की वडील मान फिरवायचे. बाहेर वैशाखाचं ऊन, अंगाची लाही होतेय, आणि ते एकच म्हणायचे, "माले सादं पानी दे."

घशात अन्नाची आणि श्वासाची वाट एकमेकींना ओलांडते. गिळताना श्वासाची वाट क्षणभर झाकली जाते. लकवा, कंपवात, स्मृतिभ्रंश, घशाचा कर्करोग यांत हे झाकणं मंदावतं आणि पाणी त्याच्या आधीच तिथं पोचतं. घट्ट पाणी सावकाश सरकतं, तेवढा वेळ मिळतो. हे खरंच आहे, आणि कित्येकांना त्याचा आधार होतो. काहींना तर ठसकाही लागत नाही, पाणी गुपचूप फुप्फुसात उतरतं. म्हणून तपासणीशिवाय मनानं काही सुरू करू नका आणि बंदही करू नका.

पण घट्ट म्हणजे किती, हे मोजता येतं. सुई आणि दट्ट्या काढलेली १० मिलीची सिरिंज घ्या, टोकावर बोट दाबून ती भरा, बोट काढा आणि १० सेकंद मोजा. १ ते ४ मिली उरलं तर किंचित दाट, ४ ते ८ उरलं तर त्याहून दाट, ८ च्या वर उरलं तर आणखी दाट. हे मोजमाप जगभर वापरतात, मात्र सिरिंज ठरावीक मापाची लागते, ती तज्ज्ञांकडून समजून घ्या. आणखी एक. तांदळाची पेज किंवा कॉर्नफ्लॉवर लाळेनं पातळ होतं. तोंडातला चमचा पुन्हा वाटीत बुडवला की वाटी हळूहळू पाणी होत जाते. आई रोज तेच करत होती, तिला कुणी सांगितलंच नव्हतं. झँथन गमच्या पावडरीचं तसं होत नाही.

आता पावडरीची किंमत. मी पैशांविषयी बोलत नाही. २००८ साली अमेरिकेत स्मृतिभ्रंश किंवा कंपवात असलेल्या ५१५ जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींना हनुवटी खाली घेऊन साधं पाणी दिलं, काहींना घट्ट. तीन महिन्यांत न्यूमोनियात ठाम फरक दिसला नाही. शरीरातलं पाणी कमी पडल्याचं मात्र साध्या पाण्यावाल्यांत २ टक्के, घट्टवाल्यांत ६ टक्के. घट्ट पाण्यातलं पाणी अंगी लागतं हो, पण माणूस ते पितच नाही. चिकट तोंडानं तहान भागत नाही.

अमेरिकेतल्याच लुईव्हिलमध्ये १९८४ पासून एक पद्धत आहे : जेवणानंतर अर्धा तास थांबायचं, दात-जीभ-टाळू स्वच्छ करायचं, ताठ बसवायचं आणि साधं पाणी घोटघोट द्यायचं. न्यूमोनियाला पाण्यापेक्षा पाण्यासोबत जाणारे तोंडातले जंतू जास्त कारणीभूत असतात. हे सगळ्यांना चालत नाही, पण चालेल का, हे विचारायला हवं. माझ्या वडिलांना चाललं. पहिला चमचा गिळून त्यांनी डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत. आखाजीला गाळलेला आमरसही त्यांनी खाल्ला. तो तर मुळातच दाट.

तुमच्या घरात, शेजारी, कुणाच्या कागदावर ती एक ओळ असेल तर तो कागद घेऊन धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात कान-नाक-घसा विभागात जा. गिळणं तपासणारे वाचा-उपचारतज्ज्ञ कुठं भेटतील ते विचारा. आणि आजारी माणसाला सोबत न्या. त्याला काय प्यावंसं वाटतं, हे डॉक्टरांना त्यालाच सांगू द्या.