प्रौढ विद्यार्थी आणि त्याचा तंबोरा



या व्यासपीठावरून राज्यकारभार, इतिहास, तत्त्वज्ञान अशा भारदस्त विषयांवर आपण व्याख्याने ऐकता. त्या मानाने माझा विषय फार लहान आहे. चाळिशी-पन्नाशी उलटल्यावर गाणे शिकू लागलेल्या माणसाने चांगला तंबोरा विकत घ्यावा की नाही, आणि घ्यावयाचा तर तो कसा पारखावा, एवढेच मला सांगावयाचे आहे. पण लहान दिसणाऱ्या या प्रश्नामागे एक मोठा प्रश्न उभा आहे. जी विद्या आपल्याला पोटाला घालणार नाही की नावाला चढविणार नाही, तिच्यासाठी गृहस्थाने किती खर्च करावा?

असा विद्यार्थी आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. कोणी कारकून, कोणी शिक्षिका, कोणी मुले मार्गी लागल्यावर मोकळी झालेली गृहिणी. दोन-तीन वर्षे गुरूकडे जाऊन चार राग गळ्यावर चढले आहेत. घरी कोणाकडून तरी मिळालेला, नाही तर स्वस्तात घेतलेला तंबोरा आहे. त्याच्या खुंट्या सरकतात, तारा बोलत नाहीत, भोपळा नुसता बद् बद् वाजतो. अशा वेळी तो भीतभीत म्हणतो, "एक चांगला तंबोरा घ्यावा म्हणतो." लगेच घरातून किंवा शेजारून म्हण येते : नाचता येईना, अंगण वाकडे!

या म्हणीत तथ्य आहे. रियाज न करता वाद्याला दोष देणारे लोक जगात पुष्कळ आहेत. पण म्हणीला एक दुसरी बाजूही आहे. कधीकधी अंगण खरोखरीच वाकडे असते! आणि वाकड्या अंगणात कसलेला नर्तक पाय सावरून घेईल. नवशिका मात्र पडेल. मुरलेला गवई निकृष्ट तंबोऱ्यावरही गाऊन जाईल, कारण षड्ज त्याच्या अंतरंगात बसलेला असतो. लहानपणापासून गाण्याच्या घरात वाढलेल्या मुलाचीही गोष्ट तीच. प्रौढ विद्यार्थ्यापाशी ही पुंजी नसते. त्याचा कान अजून घडावयाचा आहे, आणि तो घडविणारा रोजचा शिक्षक म्हणजे तंबोरा. गुरू आठवड्यातून दोनदा भेटतो; तंबोरा रोज मांडीवर असतो. रोजचा शिक्षकच जर बेसूर असेल, तर शिष्याने सूर शिकावा कोणाकडून? म्हणून माझे म्हणणे असे की, चांगल्या वाद्याची गरज वाकबगार कलावंतापेक्षाही उशिरा शिकणाऱ्याला अधिक आहे.

हा तंबोरा शिकवितो तरी काय, हे जरा पाहू. चार तारा : पहिली पंचमाची, रागात पंचम नसेल तर मध्यमाची, मधल्या दोन पोलादी तारा जोडाच्या, आणि शेवटची पितळी तार खर्जाची. या तारा जिच्यावर टेकतात ती घोडी रुंद असून तिचे पृष्ठ किंचित उतरते घासलेले असते. त्यामुळे तार एका बिंदूवर टेकून राहत नाही, कंप पावताना त्या उतारावर अलगद घासत राहते. तारेखाली सुताचा एक बारीक धागा सरकवून हा स्पर्श नेमका साधला, की तारेचा आवाज एकदम उमलतो. हीच जवारी. तार ज्या जागी छेडावी, त्या जागी ज्या स्वरांशाचे स्थिर स्थान असेल तो स्वरांश नादात उमटू नये, असा पाश्चात्त्य शास्त्रज्ञांचा नियम होता. तंबोरा आणि वीणा हा नियम पाळीत नाहीत, असे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली आपल्या एका निबंधात दाखवून दिले, आणि त्याचे कारण या घोडीच्या घडणीत आहे असे सांगितले. उत्तम लागलेल्या तंबोऱ्यात खर्जाच्या तारेतून गांधार ऐकू येतो. तो गांधार आपण कोणत्याही तारेला लावलेला नसतो! हा न लावलेला स्वर ज्याला ऐकू येऊ लागला, त्याचा कान उघडला असे समजावे. निर्जीव तंबोऱ्यात तो ऐकू येणार कसा?

आपल्या सुदैवाने हे वाद्य घडविणारे गाव आपल्याच महाराष्ट्रात आहे. १८५०च्या सुमारास मिरजेत फरीदसाहेब शिकलगार यांनी या कामाचा पाया घातला. शिकलगार म्हणजे शस्त्रांना धार लावणारे. शस्त्रांची मागणी ओसरली, तेव्हा ते कसबी हात तंतुवाद्यांकडे वळले. तलवारीची धार पाहणारी नजर जवारी घासू लागली, यापेक्षा सुंदर धर्मांतर हत्यारांचे दुसरे कोणते असेल? पंढरपूरच्या परिसरात भीमाकाठी पिकणारे मोठे कडू भोपळे आणि तुणीचे हलके लाकूड यांतून ही वाद्ये होतात. अब्दुल करीम खाँसाहेबांचे वास्तव्य याच गावी होते; १९३७ साली ते निवर्तल्यावर त्यांचे दफनही मिरजेच्या दर्ग्यातच झाले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. पण मानांकन गावाला मिळते. आपल्या हातात येणारा प्रत्येक तंबोरा मात्र आपल्यालाच पारखावा लागतो.

तो कसा पारखावा? पहिली गोष्ट, दुकानात जाण्यापूर्वी आपली पट्टी गुरूकडून निश्चित करून घ्यावी. पुरुषांचा तंबोरा बहुधा काळी एकच्या आसपास लागतो, स्त्रियांचा काळी चार-पाचच्या आसपास. दोहोंचे भोपळे, दांड्या आणि तारा निराळ्या मापाच्या असतात. पट्टी न ठरविता तंबोरा घेणे म्हणजे पाय न मोजता जोडा घेणे होय.

दुसरी गोष्ट, डोळे मिटून घ्या. हे मी अक्षरशः सांगतो. दांडीवरची नक्षी, भोपळ्यावरची वेलबुट्टी आणि झगझगीत रोगण यांचा आवाजाशी काही संबंध नाही. किंमतीशी मात्र फार निकटचा आहे. एकेक तार स्वतंत्र छेडून तिचा नाद किती वेळ टिकतो ते ऐका. चारही तारांची आस सारखी आहे का, की एक ओरडते आणि दुसरी कुजबुजते? मग दुसऱ्याला वाजवावयास सांगून आपण दहा पावलांवर उभे राहा, आणि शेवटी त्यावर पाच मिनिटे षड्ज लावून पाहा. गळा आपोआप स्थिरावत असेल, तर तो तंबोरा आपला.

त्यानंतर डोळे उघडा. भोपळ्याला चीर आहे का, गळ्याचा सांधा घट्ट आहे का, दांडी सरळ आहे का, खुंट्या फिरविल्या जागी राहतात का, हे पाहा. जवारी नीट नसेल तर घाबरू नका. ती पुन्हा काढता येते, आणि तारेने घोडीवर चर पडला म्हणजे काढावीच लागते. वाकलेली दांडी आणि फुटका भोपळा यांचा इलाज मात्र अवघड असतो. जुना तंबोरा मिळाला तर अवश्य पाहावा; मुरलेल्या लाकडाचा नाद काही औरच. फक्त त्यावर हस्तिदंत नाही ना, याची खात्री करावी, कारण त्याच्या व्यापाराला आता कायद्याने बंदी आहे. आणि शक्य असेल तर गुरूंना बरोबर न्यावे. गुरूंच्या कानाची उसनवारी करण्यात कमीपणा कसला?

कोणी विचारतील की, आता विजेवर चालणारा तंबोरा मिळतो, मग ही उठाठेव कशाला? बंगलोरच्या जी. राजनारायण यांनी १९७९ साली असे यंत्र तयार केले, आणि आज तर खिशातल्या फोनवरही तंबोरा वाजतो. मी यंत्राचा वैरी नाही. दोन खोल्यांत सहा माणसे राहत असतील, तर पाच फुटी तंबोरा उभा करावयाचा कोठे? अशा घरी यंत्राने गाणे जिवंत ठेवले, हे त्याचे उपकारच आहेत. पण यंत्र लागलेला सूर देते, सूर लावावयास शिकवीत नाही. खुंटी पिळावी, मणी सरकवावा, जोड जुळतो आहे की अजून लाटा उठताहेत हे ऐकावे, धागा केसभर हलवावा : यात जी दहा मिनिटे जातात, ती रियाजातून वजा होत नाहीत. तोच रियाजाचा पहिला धडा असतो.

आता पैशाचा प्रश्न. कर्ज काढून तंबोरा घेऊ नये, आणि गाणे सुरू केल्याच्या पहिल्या महिन्यातही घेऊ नये. वर्षभर नियमाने बसलात, मोडक्या वाद्यावरही बसलात, तर तुमचा हक्क सिद्ध झाला असे समजा. नवा तंबोरा आळस घालवील ही आशा व्यर्थ आहे. तो गवसणीत गेला की उत्तम लाकूडही मुकेच. पण ज्याने ते वर्ष काढले आहे, त्याने मग दोनदा स्वस्त घेण्यापेक्षा एकदा चांगले घ्यावे. लग्नकार्यात एका संध्याकाळच्या रोषणाईवर आपण खर्च करतो, तेव्हा कोणी म्हण ऐकवीत नाही. मग जी वस्तू वीस वर्षे रोज पहाटे आपल्याशी बोलणार, तिच्याच वेळी आपण एवढे संकोची का होतो?

याचे कारण, "मी कोठे मोठा गवई होणार आहे?" हा विचार. हाच विचार मला मुळातून खोडावयाचा आहे. मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी शिकलेल्या विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. तेथून निघणारा प्रत्येक विद्यार्थी तानसेन होईल, अशा भ्रमात ते नव्हते. गाणे हे सभ्य गृहस्थाच्या घरी सन्मानाने नांदावे, हा त्यामागचा हेतू होता. घरात नांदणाऱ्या विद्येला नांदावयास नीट जागा आणि नीट साधन लागते. मैफलीत श्रोते गवयाच्या चुका क्षमा करतील, टाळ्याही देतील. घरी एकट्याने गाणाऱ्याला श्रोता एकच, तो म्हणजे त्याचा तंबोरा. तो तरी खरे बोलणारा असावा.

चार तारा, एक भोपळा आणि पहाटेची अर्धी घटका, एवढ्यावर माणसाचे उतारवय गोड होऊ शकते. ज्यांच्या मनात ही इच्छा वर्षानुवर्षे दबून राहिली असेल, त्यांनी ती संकोचाने आणखी दाबू नये, इतकीच विनंती आहे.